बोर्दो ते सेत सायकलवर: तुलूझनंतरचा रस्ता आधी समजून घ्या

दक्षिण फ्रान्समधलं त्रेब गाव सोडून जेमतेम चार किलोमीटर झाले असतील, तेवढ्यात माझ्या मागच्या चाकातून ‘टण्’ असा आवाज आला. उतरून पाहिलं तर गिअरच्या बाजूचा स्पोक तुटलेला. सामान लादून सायकल चालवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, याच बाजूचा स्पोक तुटणं सगळ्यात वाईट, कारण कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा गिअरच्या चकत्यांचा संच, काढल्याशिवाय नवा घालता येत नाही आणि कॅसेट काढायचं हत्यार कोणी सोबत घेऊन फिरत नाही. दुसरा स्पोक प्विशेरिकच्या अलीकडे गेला. संध्याकाळी चाक इतकं आऊट झालं होतं की मागचा ब्रेक सोडून ठेवावा लागला आणि उरलेलं अंतर मी एकट्या पुढच्या ब्रेकवर काढलं.

निघायच्या आधी तीन महिने मी नकाशा बघत होते. बोर्दोपासून भूमध्य समुद्रापर्यंत एकच हिरवी रेघ, रस्त्याचा क्रमांक व्ही ८०, जवळजवळ सगळीकडे वाहनमुक्त. वाहनमुक्त हा शब्द खरा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही आहे की तुलूझच्या अलीकडे आणि पलीकडे रेघेचा रंग तोच ठेवलाय. अलीकडचा रस्ता डांबरी आहे. पलीकडचा रस्ता पन्नासेक किलोमीटरनंतर बैलगाडीच्या वाटेसारखा होतो, आणि पावसात त्याहून वाईट.

मी पुण्याची. सोबत मावसभाऊ होता, तो नोकरीनिमित्त तुलूझलाच राहतो. दादाची सायकल स्वतःची, ४२ मिलिमीटरचे टायर. माझी बोर्दोत भाड्याने घेतलेली हायब्रिड, ३२ चे टायर. पुढे जे काही लिहिलंय ते या दहा मिलिमीटरच्या फरकामुळे.

बोर्दो ते तुलूझ हे दिवस पटकन सांगून टाकते, कारण तिथे अडचण अशी काही आलीच नाही. सुरुवातीला जुन्या रेल्वेमार्गावर केलेली वाट आहे, १९३७ ची तूर द फ्रान्स जिंकणाऱ्या रोजे लापेबीच्या नावाची. द्राक्षमळ्यांमधून ती सोव्हतेर-द-ग्वियेनला नेऊन सोडते. तिथून कालव्यापर्यंत मात्र साध्या गावरस्त्यांवरून जायचं आहे, थोडे चढ-उतार आणि थोड्या गाड्या असतात. पसरणी घाट चढलेल्यांनी त्याला चढ म्हणू नये. मग गारोन कालवा लागतो, १९३ किलोमीटर, ५३ लॉक (बोटींना वर-खाली करणारे दरवाजांचे हौद). कालव्याला लागून डांबर, वर सावली. आजांला हा कालवा २३ कमानींच्या पुलावरून गारोन नदी ओलांडतो. खाली नदी, वर बोट आणि बोटीच्या शेजारून आपण. म्वासाकला मुक्काम करा. गोल्फेशच्या अणुवीज केंद्राचे मनोरे दोन-तीन तास दिसत राहतात. बस, एवढंच. घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलांना घेऊन आयुष्यात एकदा लांबचा सायकल प्रवास करायचा असेल तर हाच तुकडा करा, तुलूझला थांबा आणि समाधानाने घरी या.

तुलूझमधून दुसरा कालवा सुरू होतो, कनाल द्यु मिदी. हा जुना. मिठाचा कर गोळा करणाऱ्या प्येर-पोल रिके नावाच्या माणसाने १६६६ मध्ये काम सुरू करून घेतलं आणि १६८१ मध्ये कालवा खुला झाला. ते बघायला रिके नव्हता, काही महिने आधी वारला. लॉकची पहिली सरळ भिंत कोसळली म्हणून त्याने पुढचे लॉक लंबगोल बांधले, माठाच्या पोटासारखे. ते पोट प्रत्येक लॉकला दिसतं आणि मी प्रत्येक वेळी थांबून पाहिलं.

नोरूझपर्यंत रस्ता चांगला. १८९ मीटर उंचीवरची ही खिंड म्हणजे पाणलोटाची रेघ. डोंगरातून चरांनी आणलेलं पाणी इथे कालव्यात सोडलंय, थोडं अटलांटिककडे जातं, थोडं भूमध्यकडे. माझी वही सांगते की आम्ही तिथे आनंदात पोळी आणि चटणी खाल्ली. त्याच्या आसपासच जिल्हा बदलतो आणि डांबर संपतं.

कास्तेलनोदारी ते कार्कासोन त्रास आहे, पण कोरडं असेल तर निभतं. काही तुकड्यांवर मुरूम टाकून काम केलंय. पाच किलोमीटर सुरेख, की पुन्हा एक चाक मावेल एवढी पायवाट, दोन्ही बाजूंना गुडघाभर गवत. कार्कासोनला रात्री वादळी पाऊस झाला. सकाळी ऊन पडलेलं पाहून आम्ही निघालो. ही चूक होती. पाऊस थांबल्यावर एक पूर्ण दिवस जाऊ द्यायला हवा होता.

तिथली माती चिकणमाती. ती टायरला लागते, टायरवरून मडगार्डच्या आत जाते, तिथे गवताच्या काड्या आणि झाडाच्या सालींबरोबर तिचा गोळा होतो आणि चाक फिरायचं थांबतं. मी दर दोनशे मीटरवर उतरत होते. काडीने खरवडायचं, चार पॅडल मारायचे, पुन्हा उतरायचं. मार्सेयेतच्या आधी एका लॉकच्या घरातल्या आजी बाहेर आल्या, न विचारता एक लांब पेचकस आणि पाण्याचा डबा ठेवला आणि दादाला म्हणाल्या, “हा हालाजचा रस्ता आहे हो, घोड्यांचा.” हालाज म्हणजे बोट ओढणं. बोटींना इंजिन नव्हतं तेव्हा घोडे दोर घेऊन या वाटेवरून चालायचे. वाट त्यांच्या खुरांसाठी होती. हे वाक्य मला पुण्यात कोणी सांगितलं असतं तर मी वेगळी सायकल घेतली असती.

चिखल दुपारपर्यंत वाळला. मग मुळं सुरू झाली. कालव्याच्या काठाला चिनाराच्या कुळातली प्लातान झाडं आहेत, एके काळी ४२ हजार होती. शंभर-दीडशे वर्षांची झाडं, मनगटाएवढी मुळं वाटेत आडवी वर आलेली, हात-दीड हातावर एक. सावलीत ती दिसत नाहीत, कारण पानांचे कवडसे आणि मुळं एकाच रंगाची दिसतात. माझे स्पोक इथेच तुटले. ताशी आठ किलोमीटरच्या वर वेग जात नव्हता आणि तळहात संध्याकाळी बधिर झाले होते.

आणि जिथे मुळं नव्हती तिथे झाडंही नव्हती. २००६ मध्ये या कालव्यावर एक बुरशी सापडली. झाडाच्या आतल्या वाहिन्या ती बंद करते, उपाय नाही, रोगट झाड आणि त्याचे शेजारी तोडून जाळावे लागतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती फ्रान्समध्ये आली असं मानतात. हजारो झाडं गेली. त्रेबच्या पुढे आम्ही असा तुकडा पाहिला की दोन्ही काठ उघडे, मधे पाण्याची सरळ पट्टी, जूनचं ऊन आणि नवी लावलेली झाडं काठीएवढी. फोटोतल्या हिरव्या बोगद्यासाठी येणाऱ्यांनी हे मनात धरून यावं. मला तिथे खरंच वाईट वाटलं. देशातल्या रस्ता रुंदीकरणात वडांच्या रांगा गेलेल्या मी पाहिल्या आहेत, तसंच पोटात झालं.

तुम्ही म्हणाल, शेजारचा डांबरी रस्ता धरायचा. त्रेबहून ओम्सकडे डी ६१० जातो. आम्ही तो तीन किलोमीटर धरला. ट्रक अंगाला लागून जातात, बाजूची पट्टी अरुंद, आणि सायकलवर सामान असलं की प्रत्येक ट्रकच्या मागे हवेचा धक्का बसतो. मी पुण्या-मुंबईच्या जुन्या रस्त्यावर चालवते, घाबरट नाही, तरी सांगते की यावर जाऊ नका.

तर माझं म्हणणं स्पष्ट असं. ४० मिलिमीटरपेक्षा बारीक टायर असतील तर कार्कासोनला रेल्वेत बसा आणि थेट बेझियेला उतरा. प्रादेशिक गाडीत आम्हाला सायकलचं वेगळं तिकीट पडलं नाही, पण जागा मोजक्या असतात, सकाळची पहिली गाडी धरा. टायर ४२ च्या पुढे असतील, मडगार्ड काढून ठेवता येत असतील आणि दोन दिवस पाऊस नसेल, तरच कालव्याने जा, आणि दिवसाला ४० किलोमीटरच धरा. मधेच बेत बदलला तर ओम्सहून लेझिन्यांचं स्टेशन दहा-बारा किलोमीटरवर आहे, आम्ही तिकडे न गेल्याचा मला अजून पश्चात्ताप होतो. आर्जांपासून बेझियेपर्यंत ५४ किलोमीटर एकही लॉक नाही, म्हणजे कालवा डोंगराची समपातळी धरून वळत राहतो. नकाशावर समोर दिसणारं गाव वाटेने तिप्पट लांब निघतं. दिवसाचा हिशेब गावांच्या अंतरावर करू नका.

वाऱ्याचंही बघा. पश्चिमेकडून येणारा सेर्स पाठीशी असेल तर मजा आहे. तुलूझ ते कास्तेलनोदारी आग्नेयेचा ओतां सुटला तर समोरून येतो आणि एकदा सुटला की दोन-तीन दिवस हटत नाही. आमचा एक दिवस त्यात गेला.

आता भाड्याच्या सायकलबद्दल, कारण हे पैसे मला अजून टोचतात. दुकानाचं नाव लिहीत नाही. सायकल घेताना मी “कालव्याने समुद्रापर्यंत” असं स्पष्ट म्हटलं होतं. मालकाने मान डोलावून ३२ चे टायर दिले. परत करताना तोच म्हणाला की या वाटेवर ही सायकल नेणं म्हणजे गैरवापर, आणि अनामतीतून ८५ युरो कापले, दोन स्पोक आणि चाक सरळ करण्याचे. ती सायकल त्या वाटेसाठी नसेल तर देताना सांगायला हवं होतं. तुम्ही हे करा: घेताना टायरवरचा आकडा स्वतः वाचा, मार्ग कागदावर लिहून त्यावर सही घ्या, दोन्ही चाकं फिरवून व्हिडिओ काढा, आणि मागच्या चाकाला ३६ स्पोक असलेलीच मागा. त्या चाकाचे चार जास्तीचे स्पोक सीट पोस्टला टेपने चिकटवून ठेवा. आमच्याकडे असते तर ल सोमायमधल्या सायकल दुरुस्त करणाऱ्या भल्या माणसाने दहा मिनिटांत काम केलं असतं. त्याच्याकडे माझ्या मापाचा स्पोक नव्हता. त्याने उरलेले ताणून चाक जेवढं सरळ होईल तेवढं केलं आणि पैसे घ्यायला तयार होईना.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. दुपारी दोननंतर स्वयंपाकघरं बंद होतात, रविवारी दुपारपासून सोमवारभर लहान गावात दुकान उघडं मिळेलच असं नाही, म्हणून शनिवारी दोन दिवसांचं घ्या. कास्तेलनोदारीचं कासुले राजम्यासारखं दिसतं, पण त्यात बदक आणि डुकराचं मांस असतं; शाकाहाऱ्यांनी बकरीच्या चीजचं सॅलड मागावं. मी भाजणी नेली होती आणि थालीपिठांनी आम्हाला तीन संध्याकाळी वाचवलं. गॅसचं डबडं विमानात नेता येत नाही, तिथे घ्यायचं, पण फ्रान्समध्ये चापाचं आणि आट्यांचं अशी दोन प्रकारची मिळतात, आपला स्टोव्ह बघून घ्या. पाणी संपलं तर गावाची स्मशानभूमी शोधा, तिथे नळ असतो. पाटीवर ‘नों पोताब्ल’ लिहिलं असेल तर पिऊ नका.

कापेस्तांनंतर वाट सुधारते. मालपासला एकाच टेकडीच्या पोटात तीन बोगदे आहेत: तेराव्या शतकात मोंतादीचं तळं उपसायला काढलेला, १६७९ चा कालव्याचा आणि नंतरचा रेल्वेचा. टेकडीवरून ते आटवलेलं तळं दिसतं, मधल्या बिंदूपासून चाकाच्या आऱ्यांसारखी शेतं पसरलेली. दोन आरे कमी असलेल्या चाकाची सायकल धरून मी तिथे अर्धा तास उभी होते. फोंसेरानच्या लॉकच्या पायऱ्यांवर, जिथे बोटी एकामागून एक कुंड उतरत खाली जातात, तिथे आम्ही सायकली आडव्या टाकल्या आणि एक बोट वरून खालपर्यंत येईतो बसलो.

शेवटच्या दिवशी आग्दच्या पुढे कालवा ओंग्लूच्या छोट्या दीपस्तंभापाशी ‘तो’ नावाच्या खाडीत मोकळा होतो. पुढे मार्सेयां-प्लाजपासून सेतपर्यंत एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे गुळगुळीत डांबर. चाक अजूनही प्रत्येक फेरीला एकदा ब्रेकपॅडला लागत होतं. दादा पुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, ऐक, समुद्राचा आवाज येतोय. चाकाच्या घासण्यात मला तो ऐकू येत नव्हता, म्हणून मी उतरले आणि शेवटचा किलोमीटर सायकल हातात धरून चालले.