ममदापूरची हरणं बघायची तर पहाटेच निघा

गेल्या मे महिन्यात आम्ही काळविटं बघायला नाशिक जिल्ह्यातल्या, येवल्याजवळच्या ममदापूरला पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. हरीण एक दिसलं नाही, ऊन मात्र पोटभर मिळालं. म्हणून यंदा जुलैतल्या एका रविवारी पावणेचारलाच पंचवटी सोडली. निफाड, विंचूर करत येवला साधारण 80 किलोमीटर. तिथून राजापूरच्या दिशेने निघालं की माळरान सुरू होतं. पेट्रोल, पाणी, खायचं, जे काय घ्यायचं ते येवल्यातच घ्या.

ममदापूर-राजापूर परिसराला 2014 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ सुमारे 54 चौरस किलोमीटर. अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातल्या कर्जतजवळचं रेहेकुरी अभयारण्य, तेही काळविटांचंच, जेमतेम सव्वादोन. पण ताडोबा डोक्यात ठेवून इथे येऊ नका. इथे वनजमीन आणि शेतं एकमेकांत घुसलेली आहेत. काळविटाला दाट झाडी नकोच असते, लांबवर नजर पोचेल असं उघडं गवत हवं.

सहा वाजता कडेला गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि गप्प बसलो. पंधरा-वीस मिनिटं काही नाही. मग गवतात नुसते कान दिसले. एक, तीन, मोजता मोजता अकरा माद्या, सगळ्या बदामी, बिनशिंगाच्या. नर मागून आला. पाठ काळीभोर, पोट पांढरं, डोळ्यांभोवती पांढरी कडी, शिंगांना पीळ. नाक वर, शिंगं पाठीवर टाकून चालत होता, लग्नात मानपान बघायला निघालेल्या व्याह्यासारखा. थोडं दूर एक तपकिरी, कोवळा नर उभा होता. रंग वयानुसार गडद होत जातो, त्यामुळे 'काळं नाही म्हणजे काळवीट नाही' असं समजू नका. तेवढ्यात मागून एक मोटारसायकल फटफटत आली आणि सगळा कळप उड्या मारत पसार. गाडीने पाठलाग करणाऱ्यांना याहून जास्त काही दिसत नाही.

बांधावर एक शेतकरी उभे होते. त्यांचा मूग नुकताच वर आला होता आणि रात्रीत शेंडे खाऊन झाले होते. "तुम्ही फोटो काढा भाऊ, आम्ही दुबार पेरणी करतो," म्हणाले. राग नव्हता आवाजात, पण मला कॅमेरा खाली घ्यावासा वाटला. तेव्हा पिकात पाऊल टाकू नका, बांधावरून चाला. वनक्षेत्रात शिरायचं असेल तर आधी वनरक्षकांना विचारा. काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीला. कुत्रा घरी ठेवा. पोरं बरोबर असतील तर हात सोडू नका, कारण विनाकठड्याच्या विहिरी आहेत. उन्हाळ्यात पाण्यासाठी भटकणारी हरणंही त्यांत पडतात. मळकट रंगाचे कपडे आणि दुर्बीण हवीच, मोबाईलच्या फोटोत ठिपके येतात. पावसात मातीच्या वाटांवर चाकं रुततात, गाडी डांबरीवरच ठेवा.

उन्हाळ्यात जायचं तर पाणवठ्यापासून लांब बसा. हरणं तहानलेली येतात आणि माणूस दिसला की न पिताच फिरतात.

नऊला परत येवल्यात. पैठणीची दुकानं अजून उघडायची होती. बायको हिरमुसली, मी लगेच गाडी नाशिकच्या रस्त्याला लावली.