सहा ग्रॅम गेले खंय?

स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला, आणि डोळ्यांसमोर आधी उभी राहिली ती नववीच्या वर्गाची भिंत. जांभ्याच्या चिऱ्यांची, गिलावा न केलेली. पावसाळ्यात तिला पाठ टेकली की पांढऱ्या शर्टावर तांबूस डाग पडायचा आणि संध्याकाळी आईची बोलणी बसायची.

आमच्या रसायनशास्त्राच्या सरांनी एकदा त्याच भिंतीवर हात ठेवून गणित घातलं. "हा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. दोन लोह आयन, तीन ऑक्साइड आयन. एका मोलचं वस्तुमान काढा."

मोल म्हणजे कणांची एक ठरलेली, प्रचंड संख्या; आयन म्हणजे प्रभार असलेला अणू. एक मोल अणूंचे ग्रॅम लोहाचे 56, ऑक्सिजनचे 16. लोह आयनावर तीन धनप्रभार, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गेले. म्हणून मी 56 मधून 3 वजा केले. दोन वेळा 53, तीन वेळा 16, उत्तर 154. सरांनी वही पाहिली, पण लाल शाईचा पेन काही उघडला नाही. "सहा ग्रॅम कमी पडतत. गेले खंय?" एवढं विचारून ते पुढच्या बाकाकडे वळले.

रात्री कंदिलाशी बसून मी तेच धरून होतो. मग सुचलं : लोहाने दिलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजननेच घेतले असणार! ऑक्साइडचे 18 धरले. 106 आणि 54, बरोब्बर 160. सकाळी प्रार्थनेआधीच वही घेऊन सरांकडे धावलो.

"विचार बरोबर, बेरीज बरोबर. वजनं चुकली," सर म्हणाले. मोलमागे एक ग्रॅम भरतो तो प्रोटॉन. इलेक्ट्रॉन त्याच्या 1836 पट हलका. एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे जेमतेम 0.00055 ग्रॅम. तीन मोल गेले तरी 56 ग्रॅम लोहातून दीड-पावणेदोन मिलिग्रॅमच कमी होणार. आमच्या प्रयोगशाळेतल्या तराजूला त्याचा पत्ताही लागला नसता. शिवाय लोहाचे खरे 55.845, ते 56 धरताना आपण जे वाढवतो तेच याच्या शंभरपटीच्या जवळ जातं. म्हणून धातूच्या आयनाचं मोलर वस्तुमान अणूइतकंच घ्यायचं. हे सगळं त्यांनी व्हरांड्यात उभ्याउभ्या समजावलं, घंटा होऊन गेली तरी.

मी आज पाणी तपासणीचं काम करतो. खाडीलगतच्या विहिरीच्या पाण्यात लिटरमागे 120 मिलिग्रॅम कॅल्शियम आयन निघाले तर 40 ने भागून 3 मिलिमोल लिहितो. प्रभार 2 आहे, तो धन-ऋण प्रभारांचा मेळ घालताना गुणायला लागतो, वजनात नाही. हा फरक माझ्या हाताला लागला तो त्या व्हरांड्यात.

शाळेची नवी इमारत होते आहे असं कळलं. विज्ञानाच्या वर्गातली एक तरी भिंत चिऱ्यांची, उघडी ठेवावी, ही संचालक मंडळाला मनापासून विनंती.