न दिसणारा प्राणी रंगमंचावर

बडोद्यात गणेशोत्सवाच्या एकांकिकेत कालप्रवासी, चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग आणि परग्रहावरचा प्राणी आणणार असाल, तर प्राण्याचा मुखवटा करूच नका. तो फक्त व्हिन्सेंटला दिसतो, सगळं नाट्य त्यातच आहे. प्राणी आल्याचं दाखवायला खुर्ची आपोआप सरकवायची, तर काळा, न चकाकणारा दोरा खुर्चीच्या पायांना अगदी खाली बांधून विंगेतून ओढा. पाठीला बांधला तर खुर्ची सरकण्याऐवजी कलंडते. खरी गडबड नजरेत होते. प्रत्येक नट वेगळीकडे बघतो आणि प्राणी मरतो! तालमीत काठीला सात फुटांवर फडकं बांधून फिरवा, सगळ्यांची नजर तिथेच हवी.

व्हिन्सेंटने काढलेलं, फ्रान्समधल्या ओव्हेर गावच्या चर्चचं चित्र जून १८९०चं, त्याने स्वतःचा कान कापल्याची घटना डिसेंबर १८८८ची, फ्रान्समधल्याच आर्ल शहरातली. दोन्ही एका रात्रीत कोंबू नका. आणि व्हिन्सेंटला वेडसर हातवारे कृपया देऊ नका. चित्र काढताना त्याचा हात स्थिरच ठेवा.