काकूंचं ‘माहीत नाही’

मंगळवार, रात्री उशिरा

स्मरणशक्तीच्या चाचणीत काकू आज चुकल्या असत्या तर मला एवढं लागलं नसतं. चुकल्या नाहीत, उत्तरच दिलं नाही. वार कोणता? ‘माहीत नाही.’ महिना? ‘नाही बाई माहीत.’ प्रश्न पुरता संपायच्या आत. सून मध्येच ‘अहो आई, श्रावण नाही का’ म्हणाली, तिच्याकडे बघितलंही नाही.

ते ‘माहीत नाही’ डोक्यातून जात नाहीये. अल्झायमरचं माणूस सहसा इतक्या पटकन हार मानत नाही. काहीतरी ठोकून देतं, नाहीतर ‘हल्ली पेपर कुठे वाचते मी’ म्हणून वेळ मारून नेतं आणि घरच्यांकडे मान वळवतं. मन खचलेलं माणूस प्रयत्नच सोडून देतं. अर्थात हाही काही पक्का नियम नाही, पंचाईत तिथेच आहे.

पाच शब्द दिले होते. पाच मिनिटांनी दोन आले. ‘एक फूल होतं बघा’ म्हटल्यावर तिसरा आला, अशीच खूण दिल्यावर चौथाही. म्हणजे शब्द आत गेले होते, बाहेर काढता येत नव्हते. अल्झायमरमध्ये मुळात साठवणच बिघडते, खूण देऊन फारसं हाती लागत नाही. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितलं तर मोठा काटा थेट दहाच्या आकड्यावर. सगळं संथ. हे चित्र मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडल्यावर दिसतं आणि उदासीतही दिसतं. काका गेल्यापासून त्या... ते राहू दे.

तीसपैकी 19. फाइलवर तेवढंच ठळक दिसणार. चौथी शिकलेल्या बाईला घनाकृती काढायला लावायची आणि शिक्षण कमी म्हणून एक गुण वाढवून द्यायचा, झाला न्याय! खाली मी लिहिलेल्या ओळी कोणी वाचत नाही. इतकी वर्षं कागद भरतेय, आणि शेवटी विचारतात काय, तर ‘आकडा किती?’ खरंच कधीकधी वाटतं, कशाला जीव पाखडायचा.

बरं, नाही वाचत तर नाही. माझं अक्षर तरी कुठे धड आहे?

निघताना सूनबाईंनी विचारलं, बीपीचा आणि विसरण्याचा काय संबंध? प्रश्न चांगला होता, वेळ नव्हता. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण प्राणवायू खातो 20 टक्क्यांच्या आसपास. त्याच्या खोल भागात जाणाऱ्या धमन्या केसासारख्या बारीक. वर्षानुवर्षं दाब जास्त राहिला की त्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते. एमआरआयवर पांढरे डाग दिसतात ते बहुतेक याचेच. त्या पट्ट्यातूनच मेंदूच्या पुढच्या भागाच्या तारा जातात. त्या तुटल्या की विचार मंदावतो, आपणहून काही करायची उमेद जाते, मनही विझतं. याला रक्तवाहिन्यांमुळे येणारं नैराश्य म्हणावं, असं 1997 मध्ये मांडलं गेलं. मग काकूंचं ‘माहीत नाही’ मनातून आलं की धमनीतून? फिरून फिरून तिथेच येते मी.

वरचा दाब 140 ऐवजी 120 च्या खाली ठेवला तर काय होतं, हे अमेरिकेतल्या स्प्रिंट माइंड अभ्यासात पाहिलं होतं. 2019 मध्ये निष्कर्ष आले: स्मृतिभ्रंशाच्या आधीची पायरी 19 टक्क्यांनी कमी; खुद्द स्मृतिभ्रंशातला फरक मात्र ठाम म्हणण्याइतका नव्हता. पण काकूंना तो आकडा डोळे मिटून लावायचा नाही. पाच मिनिटं आडवं ठेवून मोजलं तेव्हा 156, उभं केल्यावर एका मिनिटात 130. तीन मिनिटांत 20 ने उतरलं तरी लक्ष द्यावं लागतं, इथे तर 26. आणि हे हातपंपाच्या यंत्रावर, पुन्हा पुन्हा घेऊन. नाडी अनियमित असली की बटणाच्या यंत्राचा भरवसा नसतो.

हो, नाडी अनियमित आहे. पूर्ण मिनिट धरली म्हणून कळलं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं असतं तर निसटलीच असती. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची थरथर असेल तर तिथे गुठळ्या होतात, बारीक कण मेंदूत जातात, आणि झटका आल्याचं घरात कोणाला कळतही नाही. ईसीजी गुरुवारी.

औषधांच्या पिशवीत तळाशी ॲमिट्रिप्टिलिन निघालं. झोपेसाठी कोणीतरी कधीतरी दिलेलं. ते उभं राहिल्यावर दाब पाडतं, म्हाताऱ्या माणसाला गोंधळात टाकतं, आठवणही पुसट करतं. एकदम बंद करू नका, डॉक्टर हळूहळू उतरवतील, असं सुनेला दोनदा सांगितलं. बी-12, थायरॉइड आणि सोडियम तपासायला लिहिलंय.

समजा मन सावरलं आणि दोन महिन्यांनी हाच कागद 24 वर गेला, तरी हुश्श करता येणार नाही. उतारवयातल्या उदासीत असं विसरणं सुरू होऊन नंतर सुधारलं, तरी अशांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका जास्तच राहतो. सुनेला हे सांगायचं की नाही, ठरत नाहीये.

उदासीचे पंधरा प्रश्न आज ठेवूनच दिले, सून खुर्चीवरून हलायला तयार नव्हती. पाच किंवा जास्त गुण आले की पुढे चौकशी करायची. त्यात एक प्रश्न असा, की बाहेर जाऊन नवं काही करण्यापेक्षा घरीच बरं वाटतं का? आमच्याकडच्या किती सासवा यावर ‘नाही’ म्हणतील, देव जाणे. पुढच्या खेपेला सूनबाईंना चहाला पाठवायचं. मिश्रीचंही तेव्हाच विचारून घेते. तंबाखूनं दाब चढतो, आणि काकूंच्या हिरड्या बघून मला तरी शंका नाही.