उत्तरायणाची ड्यूटी आणि एक गाळणी

बडोद्यात १४ जानेवारीला, म्हणजे उत्तरायणाला, अख्खं गाव पतंग उडवायला अगाशीवर, म्हणजे गच्चीवर असतं, खाली रस्त्यावर उरतात फक्त कुत्री, १०८ वाले आणि आम्ही बंबावाले. लग्न झाल्यापासून एकाही उत्तरायणाला तुम्ही माझी फिरकी धरायला घरी नव्हता हे बायको दर वर्षी ऐकवते, बरोबरच आहे तिचं, पण त्या दिवसाची रजा मागायला गेलं की साहेब नुसतं मान वर करून बघतात आणि परत कागदावर सही करायला लागतात. विषय संपला. माझं स्टेशन कुठलं ते सांगत नाही, ओळखणारे ओळखतील.

सकाळी हजेरी झाली की आधी गाडी बघायची. टाकी फुल आहे का, पंप चालतो का, होज म्हणजे पाण्याचे पाइप मोजायचे, मग बीए सेट उघडायचे. बीए सेट म्हणजे पाठीवरचं सिलेंडर, त्यात साधी हवाच असते, लोकांना वाटतं ऑक्सिजन, अरे बाबा आगीत ऑक्सिजन घेऊन कोण जाईल. ३०० बारला भरलेलं असतं, पण धावपळ करणारा माणूस अर्ध्या तासात संपवतो, आणि प्रेशर पन्नास-पंचावन्नला उतरलं की कानाशी शिट्टी वाजायला लागते, ती वाजली की हातातलं काम टाकून बाहेर. नवीन पोरगा आलाय आमच्याकडे, त्याला वाजवून दाखवली तर म्हणतो कुकरसारखी वाजते की. ड्रायव्हरकाका म्हणाले, हो, पण तीन होईपर्यंत थांबू नको म्हणजे झालं.

पहिला कॉल साडेआठला, पक्षी. दुसरा पक्षी. तिसराही पक्षीच. १० ते २० जानेवारी गुजरातभर करुणा अभियान असतं, वनखातं, जीवदयावाले, डॉक्टर सगळे कामाला लागलेले असतात, पण उंच झाडावर लटकलेल्याला खाली कोण आणणार, तर शिडीवाले. आणि या गावाचं नावच वडावरून पडलंय, त्यामुळे अडकायला झाड हजर असतंच.

तिसरी होती घार. वडाच्या आडव्या फांदीला एका पंखावर टांगलेली, खाली पन्नास माणसं, त्यातली चाळीस मोबाईल वर करून. मी चढलो, पोरगा माझ्या मागं. त्यानं जवळ जाताच मांजा धरून ओढायला हात घातला, मी ओरडलोच त्याच्यावर. ओढायचा नाही. काच लावलेला दोरा असतो तो, एव्हाना हाडापर्यंत गेलेला असतो, तुम्ही ओढलात की उरलेला पंख पण कापणार. दोन्ही बाजूंनी कात्री मारायची, आतला तुकडा तसाच राहू द्यायचा, तो डॉक्टर काढतील. पण आधी डोळ्यांवर कापड टाकायचं, अंधार झाला की घार तडफडायची थांबते, अगदी लगेच. गंमत म्हणजे आमचे जाड हातमोजे घालून तो बारीक दोरा बोटात येतच नाही, मोजे काढावे लागतात, आणि मोजे काढले की घार नखं रोवते. रोवली. अजून डाग आहे अंगठ्याच्या मुळाशी. एवढा मोठा दिसणारा पक्षी, पण हातात घेतला तर आमच्या हेल्मेटपेक्षा हलका. खोक्यात ठेवून खाली उतरतोय तोवर समोरच्या अगाशीवरून कुणाचा तरी पतंग कापला गेला, "लपेट, लपेट!" आणि तो डुलत डुलत येऊन बसला त्याच वडात. हसावं की काय करावं.

माणसांचे गळे पण कापले जातात, ते कॉल मला लिहायचे नाहीत. एवढंच सांगतो, टू-व्हीलरला पुढं वाकवलेली सळई लावा, फार काही महाग नाही, आणि पोराला पुढं उभं करून गाडी चालवू नका या दिवसांत.

दुपारी जरा उसंत मिळाली. कुणीतरी डबाभर उंधियू आणून दिलं होतं, जिलबी होती. जेवताना पोरगा म्हणाला, साहेब, १४ तारीख आपल्याला लाभत नाही का हो, आज १४ आणि आपला फायर सर्विस डे पण १४ एप्रिल. मग परीक्षेतल्यासारखं घडाघडा म्हणूनच दाखवलं, १९४४, मुंबई गोदी, फोर्ट स्टिकिन जहाज, कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच जहाजात, आग लागली, मग स्फोट, आपले ६६ जवान गेले. सगळं बरोबर होतं. कुणी काही बोललं नाही, काकांनी त्याच्या पानात अजून एक जिलबी टाकली.

साडेपाचला दांडियाबाजारातून कॉल, गॅस गळती. जुना वाडा, आत मराठी बिऱ्हाडं. आम्ही पोचलो तर दहा-बारा बायका काळ्या साड्या नेसून, हलव्याचे दागिने घातलेली एक नवी नवरी पण त्यात, सगळ्या रस्त्यावर उभ्या. हळदीकुंकू चालू होतं आत. आणि दाराच्या पायरीवर एक आजी, वय सहज ऐंशीच्या वर, हातात काठी, एकीलाही आत जाऊ देत नव्हत्या. एक पोरगी आत मोबाईल राहिला म्हणून रडकुंडीला आलेली, आजी म्हणतात जळला तर नवीन घेऊ.

साहेबांनी विचारलं, आजी, पंखा-बिंखा कुणी लावला का? आजी म्हणाल्या, "वास आला तसं मी आधी देवापुढची निरांजनं शांत केली, मग खिडक्या उघडायला लावल्या, बटणाला कुणाला हात लावू दिला नाही. मेनस्विच बाहेर आहे, तो शेजारच्याला पाडायला सांगितला. अजून काही राहिलं का रे?"

काही राहिलं नव्हतं हो. एवढी वर्षं शाळांमधून, सोसायट्यांमधून आम्ही डेमो देत फिरतो, हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, पंखा लावू नका, लाईट चालू तर करू नकाच पण बंद पण करू नका, ठिणगी तिथंही पडते, आणि लोक डेमो संपला की सिलेंडरबरोबर सेल्फी काढतात. या बाईंनी कुठला डेमो पाहिला होता देव जाणे. निरांजन "शांत केलं" हा शब्द तर माझ्या डोक्यात बसूनच राहिला, माझी आई पण विझवलं म्हणायची नाही. आम्ही दिवसभर विझवला विझवला करत असतो.

मी आणि पोरगा आत जायला निघालो तर काठी आडवी. "बूट!" साहेब म्हणाले, आजी, बूट नाही काढता येणार. आजींनी एक सेकंद विचार केला. "मग निदान रांगोळीवरून नका जाऊ." म्हणून मग आम्ही दोघं, पाठीवर बीए सेट, तोंडावर मास्क, माजघरातल्या रांगोळीच्या कडेकडेनं भिंतीला चिकटून चवड्यांवर गेलो. गॅसचं सिलेंडर सकाळीच बदललेलं, व्हॉल्व्हमधली रबराची रिंग कडक होऊन चिरलेली, रेग्युलेटर बंद करून काढला तरी बारीक फुसफुस चालूच. सिलेंडरला दोऱ्यानं बांधलेली ती प्लॅस्टिकची टोपी असते ना, जी निम्म्या घरांत पहिल्याच दिवशी कचऱ्यात जाते, ती इथं जागेवर होती, मी दाबून बसवली, खट आवाज आला, फुसफुस बंद. आजींनी स्वतः बसवून बघितली होती म्हणे, पण बोटांत तेवढा जोर राहिला नाही. सिलेंडर उचलून, परत रांगोळीच्या कडेनं, बाहेर मोकळ्यावर नेऊन ठेवला.

निघताना तिळगूळ आलाच. आणि वाण. त्या वर्षीचं वाण होतं चहाची गाळणी, स्टीलची. साहेब म्हणाले, अहो हे बायकांचं असतं. "मग बायकांना द्या." पोरगा म्हणाला माझं लग्न नाही झालं. "आईला दे. आई आहे ना?" आहे म्हणाला. चार गाळण्या घेऊन आम्ही गाडीत बसलो.

खरी आग लागली रात्री पावणेदहाला. जुन्या गावात एका पोळीत, म्हणजे अरुंद गल्लीतल्या वस्तीत, तिसऱ्या मजल्यावरच्या पत्र्याच्या खोलीत, गाद्या आणि जुनं फर्निचर भरलेलं, आकाशातून जळतं तुक्कल, म्हणजे उडवायचा कागदी कंदील, येऊन पडलं असं लोक म्हणत होते, आम्ही काही पडताना पाहिलं नाही. तुक्कलवर बंदी आहे, तरी दर वर्षी रात्री वर बघा. पोळीच्या तोंडाशी टू-व्हीलर दोन्ही बाजूंनी, गाडी आत जाईना. "भाई, गाडी हटावो!" तर म्हणे मालक अगाशीवर आहे. ३० मीटरचा एक होज, असे चार जोडत आत धावलो, पाणी सोडलं, ब्रांच, म्हणजे होजचं पुढचं तोंड, माझ्या हातात, दोन मिनिटं चांगलं प्रेशर आणि मग एकदम धारच पडली. मला वाटलं पंप गेला. खाली एका महाशयांनी भरलेल्या होजवरून ॲक्टिव्हा घातली होती, कपलिंग निसटलं, अर्धी पोळ भिजली आणि महाशय पण. ड्रायव्हरकाका तसे कधी शिव्या देत नाहीत. त्या दिवशी गुजरातीत, मराठीत आणि थोड्या हिंदीत दिल्या.

माणूस कुणी आत नव्हतं. चाळीस मिनिटांत आटोपलं, पण गाद्या म्हणजे वाईट प्रकार, वरून विझलेल्या दिसतात आणि आत कापूस धुमसत राहतो, एकेक फाडून, उलटून, पाणी मारत बसलो रात्री साडेबारापर्यंत. पोरगा काळाठिक्कर झाला होता. त्याची शिट्टी वाजली तेव्हा तो कुणी एकदाही न सांगता बाहेर आला, हे मी साहेबांना मुद्दाम सांगितलं.

त्यानंतर अडीचला एक खोटा कॉल. सोडा.

सकाळी स्टेशनात चहा टाकला. स्टेशनची गाळणी गेले सहा महिने भोक पडलेली, चहा पावडरीसकट प्यायची सवय झालेली सगळ्यांना. काकांनी खिशातून आपलं वाण काढलं, कागद सोडवला आणि काही न बोलता पातेल्यावर धरलं. मी म्हटलं, काकूंचं आहे ना ते? म्हणाले, तिला सांगू नको, तुझी देऊन टाक तिला. म्हणजे माझ्या बायकोची गेली. हे वाचलंच तिनं तर फिरकीबरोबर आता गाळणी पण ऐकावी लागणार.