तुम्ही विचारलंत म्हणून : आमचा झेंडा वाकडा का?

"ताई, झेंडा जरा नीट करून द्यायचा ना मुलांना." चौदा ऑगस्टला संध्याकाळी माझ्याकडे येणारी लहान मुलं आपण केलेला कागदी झेंडा घेऊन घरी गेली की रात्री नऊच्या आत हे वाक्य कुणी ना कुणी पालक म्हणतातच. मागच्या वर्षी एक बाबा म्हणाले, "नांदेडात राहतो आपण. इथे तयार झालेले खादीचे झेंडे कुठे कुठे जातात, आणि आपल्या पोरांचा हा असा?" सात वर्षं मी "लहान आहेत हो" म्हणून वेळ मारून नेली. आता सगळं लिहूनच टाकते.

आधी एक सांगते. वाकडा दिसला तरी तो झेंडा हयगयीने केलेला नसतो. राष्ट्रध्वजाची लांबी-रुंदी तीनास दोन असते. आमच्याकडे प्रत्येक मूल कोऱ्या कागदावर आपली वीत टेकवून तीन विती लांब आणि दोन विती रुंद मोजतं. कुणाची वीत लहान, कुणाची मोठी, म्हणून झेंडेही लहान-मोठे होतात, पण माप त्यांचं त्यांनी घेतलेलं असतं. झेंड्यावर काही लिहायचं नसतं, म्हणून नाव बाहेरच्या चौकटीत.

मग ताटात मसुराची डाळ, तांदूळ आणि हिरवे मूग एकत्र करून देते. तीन वाट्यांत वेगवेगळं निवडायचं. एकेक दाणा चिमटीत धरून उचलताना बोटांना जी सवय लागते, तीच पुढे पेन्सिलीला कामी येते. निवडून झालं की कणकेची खळ लावून पट्टे भरायचे. मसुराची डाळ चपटी, ती बसते. तांदूळही बसतो. मूग मात्र गोल, खळीवरून घरंगळतात, म्हणून हिरव्या पट्ट्यात जागोजागी टक्कल दिसतं. तुम्ही फोटो पाठवून विचारता ते बहुतेक वेळा या टकलाबद्दलच असतं. ते मी बुजवू शकते. बुजवत नाही.

अशोकचक्र आम्ही कागदावर काढतच नाही. तीन वर्षांच्या मुलाला गोल जमतो, चौकोन यायला चार-साडेचार वर्षं लागतात, त्रिकोण त्याहून उशिरा. अशा हाताला चोवीस आरे काढायला लावायचे म्हणजे ते मी काढायचे. त्यापेक्षा आम्ही गच्चीत जातो. मधे वाटी उपडी ठेवायची, भोवती दोरीचा मोठा गोल, आणि आऱ्यांना खराट्याचे हीर. चोवीस कुणालाच मोजता येत नाहीत, पण चार सगळ्यांना येतात. मुलं सहा. प्रत्येकाने आपले चार ठेवले की चक्र पुरं होतं. एक जण आला नसेल तर चार हीर कमी पडतात आणि ते मुलांच्याच आधी लक्षात येतं. यात माझं मोठेपण काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हापासून आपल्याकडे हे चालत आलंय. त्यांच्या बालवाडीत पानं, बिया, खडे हेच साहित्य होतं.

पण हे सगळं मी नंतर शिकले. झेंडा नीट करून का देत नाही, याचं कारण त्याच्या आधीचं आहे.

२०१५ साल. माझा मुलगा चार वर्षांचा. शाळेतून चिठ्ठी आली की तिरंगा घरून करून आणावा, चांगल्याला बक्षीस. मी तेव्हा नोकरी करत होते, घरी यायला साडेसात वाजायचे. त्याने दुपारी एकट्याने बसून खडूंनी झेंडा केला होता. केशरी रेघेबाहेर गेलेला, हिरवा कसाबसा, आणि पांढऱ्यात निळं गरगट. "चाक फिरतंय," म्हणाला. इतकं फिरवलं होतं की मेणाने कागद चकचकीत झाला होता आणि मधोमध एक भोकही पडलं होतं.

तो झोपल्यावर मी कात्री घेतली. दुसरा जाड कागद घरात नव्हता, म्हणून त्याच्याच झेंड्यावर घोटीव कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. बांगडीने गोल काढला, कंपासपेटीतून कोनमापक काढलं, पंधरा-पंधरा अंशांवर खुणा करून चोवीस आरे निळ्या पेनने ओढले. साडेअकरा वाजले. आणि खरं सांगते, करताना मला फार छान वाटत होतं. दिवसभरात पहिल्यांदा काहीतरी सुबक माझ्या हातून झालं होतं.

त्याला पहिलं बक्षीस मिळालं.

शाळेतून आल्यावर तो झेंडा घेऊन सासऱ्यांच्या मांडीवर बसला. सासरे १९३८ सालचे. आमच्या मराठवाड्यात १५ ऑगस्ट १९४७ला निजामाचंच राज्य होतं. उघडपणे तिरंगा लावता यायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. तेव्हा ते दहा वर्षांचे होते आणि त्या दिवसाबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. त्यांनी झेंडा हातात घेऊन विचारलं, "तू केलास?"

तो म्हणाला, "हा आईचा. माझा आत आहे. थांबा, दाखवतो."

आणि त्याने कोपऱ्यातून नख घालून केशरी पट्टी ओढली. ती फाटत गेली, पांढऱ्यापर्यंत, चक्रापर्यंत. खालून खडूचा केशरी रंग थोडा दिसला. मी स्वयंपाकघरातून धावत आले आणि त्याच्या हातावर फटका मारला. "झेंडा फाडतोस? पाप लागतं!" तो रडला नाही. हात तसाच वर राहिला, नखात कागद.

सासरे उठले. "फाटलेला झेंडा घरात ठेवत नसतात," एवढंच म्हणून तो घेऊन परसात गेले. नियमही तोच आहे, फाटका ध्वज एकांतात, मानाने जाळावा. ते चुकले असं मी म्हणू शकत नाही. त्यांच्या मागे जात मुलाने विचारलं, "माझा पण?"

कुणी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने धुराचा वास आला.

दिवाळीपर्यंत तो खडूंचा डबा माझ्यापुढे आणून ठेवायचा. "तूच काढ. तुझं छान येतं."

त्या वेळची मी आज समोर येऊन बसली तर गप्प बसणार नाही. म्हणेल, तुला आता दुपार मोकळी आहे म्हणून विती मोजतेस. मला उद्या आठची बस होती आणि वर्गात तीस सुबक झेंड्यांत त्याचा भोकवाला झेंडा एकटा पडला असता. तेही तुला पाहवलं नसतं. तिचं चूक आहे असं मला ठामपणे म्हणता येत नाही. माझं मूल हसण्यावारी नेलं जाऊ नये, हीच तिची भीती होती. तुम्ही मला जे विचारता त्यामागेही तीच भीती असते, हे कळतं मला. म्हणून तुमचा राग येत नाही. येतो, पण टिकत नाही.

मुलगा आता दहावीला आहे. एकदा धीर करून त्याला हे विचारलं. "मला काही आठवत नाही, आई," म्हणाला. सासरे तर राहिले नाहीत. म्हणजे ज्या गोष्टीवर मी सात वर्षं अडून बसले आहे ती फक्त माझ्या लक्षात आहे. कदाचित दिवाळीनंतर तो आपोआपच चित्रं काढायला लागला असता, आणि लागलाही.

आणि मी तरी कुठे पूर्ण हात काढून घेतलाय? मागच्या वर्षी एका मुलीने वर मूग लावायला सुरुवात केली. मी तिचा हात धरला. "केशरी वर असतो गं," म्हटलं. तिने निमूटपणे सगळे मूग खरवडून काढले आणि मला पुन्हा परसातला वास आला. तरी यंदाही मी हेच सांगणार. केशरी वरच असतो. खालच्या पट्ट्यातलं टक्कल चालतं आणि हे चालत नाही, ही रेघ कुठून आली ते मला सांगता येत नाही.

सोळा तारखेला सकाळी आठला आम्ही चौकापर्यंत जातो, रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे गोळा करायला. कागदी झेंडे जमिनीवर टाकायचे नसतात, हे मुलांना तोंडाने सांगून कळत नाही, वाकून उचलताना कळतं. यंदाही या. प्रत्येकाने कापडी पिशवी आणा, आणि चौदाला मिळालेला झेंडा तोवर आहे तसाच राहू द्या.