पाहुणा, पुस्तके आणि शेवया

आज दुपारी गंगापूर रोडवरील घरी, चिनी भाषा शिकणाऱ्या भाचीच्या सरावासाठी, माणसांना उद्देशून वापरल्या जाणाऱ्या इंग्रजी बोलीतल्या शब्दांचे चिनी प्रतिशब्द आम्ही दोघे शोधत बसलो होतो. 'हॅकर'ला तिथे 'हेइख' म्हणतात. उच्चार मूळ शब्दाच्या जवळचा, अक्षरांचा अर्थ मात्र 'काळा पाहुणा'. 'नर्ड'साठी 'शूदाइझ', म्हणजे पुस्तकांपायी बावळट झालेला. आपला पुस्तकी किडा त्यामानाने बराच सुखी म्हणायचा. सर्वाधिक गंमत 'फॅन्स'ची वाटली, कारण केवळ उच्चाराच्या साम्यामुळे रूढ झालेल्या 'फेनस' या शब्दाचा मूळ अर्थ मुगाच्या सत्त्वाच्या पारदर्शक शेवया असा आहे, आणि हे कळल्यापासून क्रिकेटवेडी भाची स्वतःला आवडत्या फलंदाजाची शेवई म्हणवून घेत आहे.